बाउलर हॅटचा बोलिंगशी काय संबंध?

प्रश्न : चार्ली चॅप्लिनच्या डोक्यावर असते त्या गोल काळ्या टोपीला बाउलर हॅट का म्हणतात? जुन्या काळी क्रिकेटचे बोलर ती घालायचे का? आणि हॅटट्रिक शब्द त्यातूनच आला का? अमेरिकेत राहणारा माझा भाचा तिला डर्बी म्हणतो, मग खरं नाव कोणतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : प्रश्न एकदम मस्त आहे, पण बोलिंगशी काही संबंध नाही हो. बाउलर हे आडनाव आहे. 1849 साली लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या लॉक अँड कंपनी या टोप्यांच्या दुकानात एडवर्ड कुक नावाच्या उमराव घरातल्या माणसाने ऑर्डर दिली (इंग्रजी स्पेलिंग बघून आपण कोक वाचतो, उच्चार मात्र कुक). त्याच्या घराण्याच्या जमिनीवर शिकारीचं रान होतं, तिथले राखणदार उंच टॉप हॅट घालून घोड्यावरून फिरायचे आणि खालच्या फांद्यांना अडकून त्या टोप्या सारख्या पडायच्या, म्हणून त्याला बुटकी, गोल आणि टणक टोपी पाहिजे होती. लॉकवाल्यांनी ते काम थॉमस आणि विल्यम बाउलर या कारागिरांना दिलं. टोपी तयार झाल्यावर कुकसाहेबांनी ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन बघितला, टोपी चेपली नाही, मग 12 शिलिंग देऊन घेतली असं सांगतात.

चेपली नाही याचं कारण म्हणजे लाख. ही टोपी फेल्टची असते, म्हणजे सशाबिशाच्या केसांचं दाबून केलेलं जाड कापड, आणि ते कडक करायला शेलॅक लावतात, शेलॅक म्हणजे आपली झाडावरच्या किड्यांची लाखच, आणि ती त्या काळी मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून विलायतेला जायची.

आता नावाचं. लॉकच्या दुकानात आजही तिला 'कुक' म्हणतात, ज्याने ऑर्डर दिली त्याचं नाव. पण बाकी सगळ्या इंग्लंडमध्ये मात्र बनवणाऱ्याचं नाव चाललं, आणि मला ही गोष्ट मनापासून आवडते, कारण कपड्यालत्त्यांना नाव बहुतेक वेळा घालणाऱ्या बड्या माणसाचं मिळतं, शिवणाऱ्याला कोण विचारतं!

तुमचा भाचाही बरोबरच आहे. अमेरिकेत डर्बीच म्हणतात, ते इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरून, आणि त्या शर्यतीचं नाव डर्बीच्या अर्लवरून (अर्ल म्हणजे तिथला बडा उमराव). गंमत म्हणजे इंग्रज त्याचा उच्चार डार्बी करतात. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी आकार बघून खरबूज म्हटलं, म्हणजे मेलाँ आणि मेलोने. स्पेनमध्ये ओंगो म्हणजे मशरूम, आणि बोलिव्हियात बोंबिन. तिथे ला पाझ शहरातल्या आयमारा या मूळनिवासी समाजाच्या बायका रंगीत घेरदार घागऱ्यावर ही टोपी घालतात, अगदी रोजच्या वापरात, बाजारात भाजी विकतानासुद्धा. म्हणजे इंग्लंडमध्ये जी रानातल्या राखणदाराची होती, पुढे लंडनच्या बँकेतल्या साहेबाची झाली, ती अँडीज पर्वतात बायकांची झाली, आणि आता ती त्यांचीच आहे, उसनी वगैरे अजिबात नाही.

अजून एक अर्थ ब्रिटिश सैन्यातला. एखाद्या अफसराला 'बाउलर हॅट मिळाली' म्हणजे तो नोकरीतून बाहेर पडला, युनिफॉर्म जाऊन साध्या नागरिकाची टोपी आली.

राहिली हॅटट्रिक. 1858 साली शेफील्डच्या मैदानावर एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ 3 बॉलवर 3 विकेट काढल्या, लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी घेऊन दिली, त्यावरून तो शब्द आला असं सांगतात. म्हणजे तिथे बोलर पण आहे आणि टोपी पण आहे, फक्त आपले बाउलर बंधू नाहीत.