‘स्थलांतरित’ पक्षी की ‘पाहुणे’ पक्षी?

प्रश्न असा आहे: ‘स्थलांतरित’ म्हणजे ज्याचं स्थलांतर होऊन गेलं तो. मग तळ्यावर दरवर्षी येऊन परत जाणाऱ्या बदकांना हा शब्द कसा चालेल? शिवाय तो ‘विस्थापित’सारखा ऐकू येतो. त्यापेक्षा ‘पाहुणे पक्षी’ म्हणावं का?

शब्द शुद्ध आहे. ‘पुष्प’वरून ‘पुष्पित’, ‘अंकुर’वरून ‘अंकुरित’, तसा ‘स्थलांतर’वरून ‘स्थलांतरित’. इथला ‘इत’ नामाला लागतो आणि ती गोष्ट घडली आहे एवढंच सांगतो. कायमची घडली असं नाही. ‘विस्थापित’ प्रयोजक धातूवरून आलाय, त्यात हलवणारा दुसरा कोणीतरी असतो. बदकाला कोणी हाकललेलं नसतं.

मला यातला ‘अंतर’ जास्त आवडतो. पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात, म्हणून हे लांबीचं अंतर असावं असं सहज वाटतं. तसं नाही. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप, तसं स्थलांतर म्हणजे दुसरं स्थळ. या पक्ष्यांची (‘पक्षांची’ नव्हे, ते ‘पक्ष’चं रूप) दोन्ही स्थळं ठरलेली असतात: उत्तरेकडचं विणीचं आणि दक्षिणेकडचं हिवाळ्याचं. शब्द किती नेमका बसतो बघा.

‘पाहुणे’ मात्र मला पटत नाही. पाहुणा चार दिवस राहतो. भुवई बदक ऑगस्टअखेर-सप्टेंबरात उतरलं की मार्चपर्यंत मुक्काम करतं, म्हणजे निम्मं वर्ष. याउलट काठच्या चिखलात टिपणारे काही पक्षी थोडे दिवस पोटभर खाऊन, अंगात चरबी साठवून आणखी दक्षिणेला निघतात. त्यांना ‘वाटसरू’ म्हणावं. सप्टेंबरच्या तळ्यावर वाटसरू आणि मुक्कामी एकाच पाण्यात असतात, त्यामुळे हा फरक करणारा शब्द हाताशी हवाच.

भुवई बदकाचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगतो. नराच्या डोळ्यावरून मानेकडे उतरणारा पांढराशुभ्र पट्टा, तीच भुवई. पण सप्टेंबरात दुर्बीण लावली तर ती सापडत नाही. वीण उरकली की नराची पिसं गळतात आणि तो मादीसारखा मातकट दिसू लागतो. त्याची ही साधी पिसं बरीच टिकतात, पार हिवाळा सरत येईपर्यंत. तोवर नर ओळखायचा तो उडताना: पंखाच्या पुढच्या भागावर फिकट निळसर राखाडी रंग चमकून जातो. भुवई उमटते फेब्रुवारीच्या सुमाराला, आणि मग थोड्याच दिवसांत त्याची परत जायची वेळ होते.