सुट्टीतला सराव आणि शाळेचा हक्क

प्रश्न : सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) असलेला माझा नऊ वर्षांचा मुलगा गावच्या शाळेत तिसरीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची घडी विस्कटते. त्यातच मुख्याध्यापक ‘विशेष शाळेत घाला’ म्हणतात. काय करावे?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तो निर्णय मुख्याध्यापकांचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी आणि समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांच्या भेटी मागाव्यात. तोंडी विनंत्या बहुधा हवेत विरतात.

सुट्टी लागण्यापूर्वीच विशेष शिक्षक व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून दोन-तीनच उद्दिष्टे लिहून घ्यावीत. सदऱ्याची बटणे लावणे, स्वतःच्या हाताने जेवणे, हीसुद्धा अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहेत. व्यायाम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी उरकावा. मामाच्या गावी त्याला अवश्य न्यावे, मात्र व्यायामाची वही सोबत असावी आणि तिथे हे काम घरातल्या इतरांनीही वाटून घ्यावे, कारण विश्रांतीची गरज तुम्हालाही आहे. थेरपीच्या खर्चासाठी दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या ‘निरामय’ या एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची चौकशी करावी.