लिग्निनपासून कार्बन फायबर काढून सुपरकॅपॅसिटर (पटकन चार्ज होणारं, वीज साठवायचं साधन) करता येतो का, आणि स्वस्त पडतो का?

येतो. मी केलाय, पण आधी वाट लावून मग केलाय, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

लिग्निन (लाकडातले तंतू बांधून ठेवणारा पदार्थ) कागद कारखान्यांच्या काळ्या द्रावात, म्हणजे लाकूड शिजवून उरलेल्या पाण्यात, पडून असतं, तिथे बहुतेक जाळूनच टाकतात, म्हणून सगळे म्हणतात फुकट आहे. फुकट काय, त्यातला सोडियम आणि राख पातळ ॲसिडने धुऊन काढताना कळतं. आम्ही ते धुतलं, डीएमएफ या द्रावकात विरघळवलं, थोडं पीईओ हे पॉलिमर घातलं (नाहीतर तार धरतच नाही, नुसते थेंब उडतात) आणि इलेक्ट्रोस्पिनिंग करून, म्हणजे जास्त व्होल्टेजने द्रावणाचे बारीक तंतू ओढून, तपकिरी मऊ मॅट काढली. मस्त आली होती.

आता खरी मेख स्टॅबिलायझेशनची. नायट्रोजनमध्ये ८०० अंशांच्या वर नेऊन तंतूंचा कार्बन करण्याआधी हवेत २५० अंशांपर्यंत हळूहळू तापवायचं असतं, म्हणजे ऑक्सिजनमुळे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि मऊ पडायचं तापमान भट्टीच्या पुढे पळत राहतं, भट्टीने गाठलं की संपलं. मी मिनिटाला अर्धा अंश म्हणत होते, म्हणजे सात तासांच्या वर. सर म्हणाले एवढा वेळ फर्नेस कोण अडवून ठेवणार, पाच कर. पाऊण तासात झालं. बाहेर काढलं तर मॅट कुठली, चकचकीत काळा पापुद्रा, चिमट्याने उचलला तर टिचला, मायक्रोस्कोपखाली एक तंतू सुटा नाही. आणि मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिचं स्पिनिंग चुकलं!

स्पिनिंग चुकलं नव्हतं. त्याच मॅटचा उरलेला अर्धा तुकडा मी रात्रभर अर्ध्या अंशाने तापवला, तंतू जसेच्या तसे सुटे. फोटो दाखवले, सर म्हणाले हं.

स्वस्ताचं म्हणाल तर विमानाच्या पंखाची स्वप्नं बघू नका. लिग्निन फायबरची ताकद साधारण १ गिगापास्कलच्या आसपास रेंगाळते, पॅनपासूनचं (पॉलिॲक्रिलोनायट्राइल, कार्बन फायबरचा नेहमीचा कच्चा माल) टी-३०० हे बाजारातलं साधं फायबर सुद्धा साडेतीन देतं. पण इलेक्ट्रोडला ताकद कशाला हवीय? तिथे बारीक छिद्रं हवीत, ती केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) किंवा वाफेने ॲक्टिव्हेट करून पाडता येतात, आणि मॅट सलग असल्याने बाइंडर (कण चिकटवायचा पदार्थ) लागत नाही. सोडियम बॅटरीच्या ॲनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) हार्ड कार्बन, म्हणजे कितीही तापवला तरी ग्रॅफाइट न होणारा कार्बन, म्हणून पण चालतं, तिथे मात्र छिद्रं जास्त पाडू नका, पहिल्याच चार्जला सोडियम खाऊन टाकतात.

हां, एक राहिलं, आमचं लिग्निन रुंद पानांच्या झाडांचं होतं, ते पटकन वितळतं. पाइनसारख्या झाडांचं असेल तर ते लवकर बांधलं जातं, जास्त वेग सहन करतं. म्हणजे सरांचे पाच अंश तिथे कदाचित चाललेही असते. पण पिशवीवर कुठल्या झाडाचं ते लिहिलेलं होतं, आणि ती पिशवी त्यांनीच मागवली होती.