सामोआचा तो एक पॉइंट

प्रश्न (देवगडहून एक वाचक): आमच्या वाडीतली कबड्डीवाली पोरं हल्ली मोबाईलवर रग्बी लीग (तेरा-तेरा जणांची रग्बी) बघतायत, २०२२ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलवरून रोज वाद होतो. मी म्हणतो सामोआ (पॅसिफिकमधला छोटा बेटांचा देश) इंग्लंडविरुद्ध नशिबाने जिंकली. तुमचं काय मत?

उत्तर: नशीब नाही हो दादा! हीच टीम पहिल्याच मॅचला इंग्लंडकडून ६०-६ ने हरलेली, सगळ्यांनी मोडीत काढलेली, आणि महिन्याभरात लंडनला त्याच इंग्लंडला २६-२६ वर अडवून धरायचं, मग गोल्डन पॉइंटमध्ये (जादा वेळेत पहिला पॉइंट घेईल तो जिंकला) स्टीफन क्रायटनने ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टप्पा पाडून गोलपोस्टमधून मारलेली एका पॉइंटची किक) मारायचा आणि २७-२६, याला नशीब कसं म्हणणार? लुआई, टोओ, क्रायटन ही पोरं सिडनीच्या पेनरिथ क्लबात एकत्र खेळलेली, एकमेकांचा अंदाज होता त्यांना. फायनलला ऑस्ट्रेलियाने ३०-१० ने हरवलं ते खरंय, पण पॅसिफिक बेटांवरचा देश फायनलला पहिल्यांदाच पोचला!

पोरांना सांगा, टॅकल (बॉलवाल्याला पकडून पाडणं) नुसते मोजू नका. बॉल असलेल्या टीमचा खेळाडू सहाव्यांदा टॅकल झाला की बॉल समोरच्यांकडे जातो, म्हणून पाचव्यानंतर किक कुठे मारतात ते बघा, खरी मॅच तिथे फिरते. आणि पुढचा वर्ल्ड कप २०२६ चा, मुख्यतः ऑस्ट्रेलियात, तेव्हा वाडीत सगळ्यांनी मिळून बघा.