गाते ती कोकिळा की गातो तो कोकीळ?

पक्ष्यांची मराठी नावे आणि गाणी, म्हणी व लोककथांतील त्यांचे उल्लेख या विषयावर वाचकांनी बरीच पत्रे पाठवली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. कवितेतली कोकिळा गाते असे मी वर्गात सांगितले, तेव्हा चौथीतल्या एका मुलाने हात वर करून "बाई, गातो तो नर असतो" असे म्हटले. त्याचे म्हणणे खरे असेल, तर आपल्या कवींनी आणि गीतकारांनी इतकी वर्षे चूकच केली असे समजायचे का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलाचे म्हणणे अगदी खरे आहे आणि त्याला शाबासकी द्यावी. वसंतात आंब्याच्या गर्द पानांआडून चढत्या सुरात 'कुहू कुहू' अशी साद घालतो तो नर. तो चकचकीत काळा असून त्याचे डोळे लालबुंद असतात. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढरट ठिपके व पट्टे असतात आणि तिचा आवाज म्हणजे घाईघाईने काढलेले कर्कश 'किक् किक्' असते. पुष्कळ लोक तिला रोज पाहतात, पण कोकिळा म्हणून ओळखत मात्र नाहीत.

तरीही कवींना दोषी ठरवण्याची घाई करू नये. पहिली गोष्ट व्याकरणाची आहे. मराठीत बहुतेक पक्ष्यांच्या नावांचे लिंग ठरून गेलेले असते आणि त्याचा समोरच्या पक्ष्याच्या नर-मादीपणाशी संबंध नसतो. घार नर असली तरी 'ती'च असते, कावळ्याची मादी अंडी उबवत बसली तरी आपण 'कावळा बसला आहे' असेच म्हणतो, आणि घुबड तर दोघांनाही नपुंसकलिंगी करून टाकते. याच न्यायाने बोलण्यात 'कोकिळा' हे साऱ्या जातीचे नाव झाले आहे. लता मंगेशकर यांना 'गानकोकिळा' म्हणणाऱ्यांनी किंवा सरोजिनी नायडू यांना 'भारत कोकिळा' म्हणणाऱ्यांनी पक्षिशास्त्राचा विचार केला नव्हता, आणि तो करून 'गानकोकीळ' असा शब्द कोणी सुचवला असता तर तो एक दिवसही टिकला नसता.

दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. आपले जुने कवी या बाबतीत आपल्यापेक्षा चौकस होते. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात वसंताचे वर्णन येते, तेथे आंब्याचा कोवळा मोहोर चाखून कंठ तुरट झालेला 'पुंस्कोकिल', म्हणजे नर कोकीळ, मधुर कूजन करतो असे स्पष्ट म्हटले आहे. नुसते 'कोकिल' म्हणून भागले असते, परंतु कवीने 'पुं' हे पद मुद्दाम योजले. उलट 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला टोचून बोलतो, तेव्हा तो मादीचा दाखला देतो : आकाशात उडण्याइतके बळ येण्यापूर्वी 'परभृता' आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात. गाणे नराचे आणि परक्या घरट्यात, म्हणजे बहुधा कावळ्याच्या घरट्यात, अंडे घालण्याची चतुराई मादीची, ही वाटणी त्याला पुरेपूर ठाऊक होती. अमरकोशानेही कोकिळाच्या नावांत 'वनप्रिय' आणि 'पिक' यांच्या बरोबरीने 'परभृत' हे नाव नोंदवले आहे. आपली गाणी शहरात लिहिली जाऊ लागली, पक्षी दिसेनासा होऊन केवळ आवाज उरला आणि गोड आवाज स्त्रीचाच असणार असे गृहीत धरले गेले, असे मला वाटते.

कोकिळाव्रताची कथा मात्र स्त्रीलिंगाशिवाय सांगताच येणार नाही, कारण तिच्यात शंकराच्या शापाने सती कोकिळा होते. हे व्रत आषाढ महिना अधिक येतो त्याच वर्षी करतात. 2015 साली असा योग आला होता. कोकिळेचा आवाज ऐकल्यावरच जेवायचे असा त्यात नेम असतो. आषाढ-श्रावणात कोकिळाच्या आवाजाला चैत्रातला जोर उरलेला नसतो, त्यामुळे हा नेम वाटतो तितका सोपा नाही. त्या मुलाला हेही सांगा की हिवाळ्यात कोकीळ कोठे जात नाही. तो आसपासच असतो, फक्त गात नाही.

प्रश्न : हिंदी गाण्यांतला 'पपीहा' म्हणजे आपला चातक का? मी भाषांतराची कामे करतो आणि एका संपादकांनी 'पपीहा' खोडून 'चातक' केले, तर दुसऱ्यांनी 'पावशा' केले. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : दुसऱ्या संपादकांचे बरोबर आहे, परंतु पहिल्यांची बाजू अगदीच लंगडी म्हणता येणार नाही, कारण हिंदी कोशांतच 'चातक' या शब्दाचा अर्थ 'पपीहा' असा दिलेला आढळतो. पक्षी मात्र दोन आहेत. पावशा दिसायला शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारखा राखाडी असतो, इतका की त्याला पाहून लहान पक्षी घाबरतात. चातक काळापांढरा असतो आणि त्याच्या डोक्यावर तुरा असतो. पावशा बारा महिने आपल्याकडेच राहतो. चातकांपैकी बरेच पक्षी आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येतात, आणि म्हणून त्यांच्या आगमनाची पावसाशी घातलेली सांगड निव्वळ कविकल्पना नाही. घरटे दोघेही बांधत नाहीत. दोघेही आपली अंडी सातभाई पक्ष्यांच्या माथी मारतात.

खरी गंमत पावशाच्या आवाजात आहे. तीन सुरांची एकच ओळ तो पुन्हा पुन्हा, दर वेळी वरच्या पट्टीत म्हणत जातो आणि टोक गाठल्यावर एकदम थांबतो. पावसाळ्याच्या तोंडावर दिवस-रात्र हा उद्योग चालतो. हा एकच आवाज हिंदी भाषकाला 'पी कहाँ', म्हणजे प्रियकर कुठे आहे, असा ऐकू येतो. बंगाली माणूस त्यात 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असे ऐकतो. उन्हाने त्रासलेल्या इंग्रज साहेबाला त्यात 'ब्रेन-फीवर' ऐकू आले आणि त्याने पक्ष्याचे तेच नाव ठेवले. मराठी शेतकऱ्याने मात्र 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ऐकले. पक्षी एकच, परंतु हिंदी गाण्यात तो विरहिणीचा सोबती झाला आणि आपल्याकडे पेरणीची आठवण करून देणारा घरातला वडीलधारा. म्हणून भाषांतर करताना केवळ पक्ष्याची जात जुळवून चालणार नाही. विरहाच्या गाण्यात 'पावशा' घातला तर मराठी वाचकाला पाभर आणि तिफण आठवेल, प्रियकर आठवणार नाही. अशा ठिकाणी मी स्वतः 'पपीहा' हाच शब्द ठेवीन आणि 'चातक' शक्यतो टाळीन, कारण चातकाची प्रतिमा विरहाची असली तरी ती मुख्यतः पाण्यासाठी आसुसलेल्याची आहे. 'मेघदूता'तही निघालेल्या मेघाच्या डाव्या बाजूला चातकच गोड आवाज करतो.

चातक केवळ पावसाचे थेंब पितो ही समजूत अर्थातच खरी नाही. सुरवंट आणि किडे हे त्याचे अन्न आहे. स्वाती नक्षत्राच्याच थेंबाची तो वाट पाहतो असे म्हणणाऱ्यांनी पंचांग उघडावे. सूर्य स्वाती नक्षत्रात ऑक्टोबरच्या अखेरीस जातो, तेव्हा पाऊस आणि चातक या दोघांचीही निरोपाची वेळ झालेली असते.

प्रश्न : भारद्वाज दिसणे शुभ का मानतात, आणि त्याला हे ऋषींचे नाव कसे मिळाले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : शकुनाला कारण विचारू नये, सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असे मानणारी माणसे मुंबईसारख्या शहरातही आहेत, एवढेच सांगता येते. नावाचे कोडे मात्र मोठे आहे. अमरकोशात 'भरद्वाज' हे 'व्याघ्राट' नावाच्या पक्ष्याचे दुसरे नाव आहे आणि अलीकडचे संस्कृत कोश त्याचा अर्थ चंडोल असा देतात. चंडोल हा मातकट रंगाचा, आभाळात चढत जाऊन गाणारा लहानसा पक्षी, तर आपला भारद्वाज डोमकावळ्याएवढा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा आणि उडण्यापेक्षा कुंपणाच्या कडेने चालणे पसंत करणारा आहे. बोलीतली नावे अधिक प्रामाणिक आहेत : मातीच्या भांड्यासारख्या पंखांमुळे कुंभारकावळा, आणि 'कूप् कूप्' अशा घुमणाऱ्या आवाजाशी मिळतेजुळते कुकुडकोंबा. जाता जाता नोंदवतो की हाही कोकीळकुळातलाच पक्षी आहे. परंतु तो स्वतःचे घरटे स्वतः बांधतो आणि पिल्लेही स्वतःच वाढवतो.

प्रश्न : लोकगीतांत राघू-मैनेची जोडी येते. पोपट आणि साळुंकी यांची जोडी कशी जमली? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : ती जोडी घरट्यातली नसून पिंजऱ्यातली आहे. माणसासारखे बोलणारे म्हणून हे दोन पक्षी पूर्वापार पाळले जात, आणि संस्कृत कथावाङ्मयातील शुक-सारिका हेच आपल्या गीतांतले राघू-मैना होत. नकला करण्यात तरबेज असलेली पहाडी मैना आणि अंगणात येणारी साळुंकी हे एकाच कुळातले दोन वेगळे पक्षी आहेत, तरी गाण्यात हा भेद कोणी पाळत नाही आणि पाळण्याची गरजही नाही. पुढे लावणीत 'मैना' म्हणजे सरळ प्रिया झाली. अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत पक्ष्याचे पीसही उरलेले नाही. तेथे मैना म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या माणसाची गावाकडे राहिलेली पत्नी, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या दिवसांत तिच्या ताटातुटीत श्रोत्यांना महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूखही ऐकू येत असे.

प्रश्न : पिंगळा म्हणजे पहाटे दारात येणारा भिक्षेकरी की घुबडाची जात? आमच्या घरात यावरून वाद झाला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही. पिंगळा हे ठिपकेदार अंगाचे, पिवळ्या डोळ्यांचे, साळुंकीहून फारसे मोठे नसलेले घुबड आहे. ते जुन्या झाडाच्या ढोलीत राहते आणि संध्याकाळी व पहाटे जोडीने कलकलाट करते. उजाडण्यापूर्वी कंदील व कुडबुडे घेऊन येणारा, घरातल्यांचे भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आपल्याला या पक्ष्याची भाषा कळते असे सांगत असे, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. आपल्या भारुडांतही शकुन सांगणाऱ्या पिंगळ्याचे रूपक आले आहे. माणूस आणि पक्षी दोघांचीही वेळ एकच, त्यामुळे तुमच्या घरातल्या वादात कोणीच हरलेले नाही.

या पक्ष्याचा एक भाऊबंद रानपिंगळा. 1884 साली खानदेशात त्याचा एक नमुना मिळाला, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो खात्रीने कोणालाच दिसला नाही आणि पक्षितज्ज्ञांनी त्याची आशा जवळजवळ सोडून दिली. मधल्या काळात 1914 सालचा म्हणून मिरवला जाणारा एक नमुना होता, परंतु तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने जुना नमुना चोरून, खोटी चिठ्ठी लावून तयार केलेला निघाला. ही लबाडी बाजूला सारल्यावर शोध कोठे घ्यायचा ते स्पष्ट झाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या रानात, भरदिवसा, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला.