बॅगेवरचा गुलाबी त्रिकोण

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी म्हणाला, ‘आई, मी गे आहे.’ रडले, मग सावरले. आता तो बॅगेला गुलाबी त्रिकोणाचा बिल्ला लावून कॉलेजला जातो. हिटलरच्या छळछावणीतली खूण आहे, असं तोच सांगतो. मग अपमानाची खूण मिरवायची कशाला? घरात कळलंय, तेवढं पुरे नाही का? आमचं घर माळकरी आहे.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, माळकरी आहात म्हणून उत्तर सोपं झालं. यजमानांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघा. पंढरपूरच्या एसटी स्टँडवर ती दिसली की अनोळखी माणूस ‘या माऊली’ म्हणत गाठोडं सरकवून जागा देतो. आणि आपल्या कोल्हापुरात माळ दिसली की तांबड्या-पांढऱ्याचा आग्रह कुणी करत नाही. तुमच्या मुलाचा बिल्लाही शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी नाही. कॉलेजात तसाच एखादा पोरगा मान खाली घालून बसत असेल, त्याला दिसावा म्हणून आहे.

आता अपमानाचं. छावणीत तो त्रिकोण कैद्याच्या कपड्यावर शिवलेला असे, टोक खाली. राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, समलिंगी पुरुषाला गुलाबी. (मी जन्मभर टेलर. तो त्रिकोण कुणाला तरी बसून शिवावा लागला असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.) युद्ध संपलं तरी सुटका नव्हती. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं, नाझींनी कडक केलेलं 175 कलम पश्चिम जर्मनीत 1969 पर्यंत तसंच राहिलं. नंतर 1970च्या दशकात तिथल्याच पोरांनी तो त्रिकोण आपणहून छातीला लावला. 1987 साली न्यूयॉर्कमध्ये एड्सनं माणसं मरत होती, सरकार गप्प होतं. तेव्हाच्या पोस्टरवर तोच त्रिकोण आला, पण टोक वर करून. खाली लिहिलं होतं, गप्प बसणं म्हणजे मरण. मुलाच्या बिल्ल्याचं टोक कुठं आहे ते बघा आणि त्यालाच विचारा. गप्पांना विषय होईल.

समलिंगींच्या चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा मला जास्त जवळचा, कारण त्यात शिंपीकाम आहे. 1978च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर नावाच्या कलाकारानं आणि सोबत्यांनी कापड हातानं रंगवून शिवला. पट्टे आठ होते. पुढं भडक गुलाबी गेला, कारण त्या रंगाचं कापड मिळेना! मग आणखी एक पट्टा जाऊन सहा उरले. दुकानदाराला हे लगेच पटतं.

मी स्वतः ऑगस्ट 2008 ला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत समलिंगींच्या मोर्चात चाललो. तेव्हा आपल्याकडं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम जिवंत होतं. काहींनी मुखवटे घातले होते. माझ्या खिशाला कुणीतरी सहा रंगांची रिबीन लावली. परतीच्या गाडीत बसायच्या आधीच ती काढली. घरी येऊन तेच सहा धागे शर्टाच्या खिशाच्या आतल्या बाजूला शिवले, कुणाला दिसू नयेत असे. दहा वर्षं, म्हणजे हा गुन्हा नाही असा सप्टेंबर 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत, प्रत्येक नव्या शर्टाला तसंच केलं. मध्ये एकदा एक तरुण पँट आखूड करायला आला. त्याच्या किल्लीला तसलाच गोफ होता, रंग उडालेला. मी एवढंच म्हणालो, ‘धागा बदलून देऊ का?’ तो माझ्याकडं बघतच राहिला. अजून दर दिवाळीला फराळ घेऊन येतो.

म्हणून गावाकडं आजोबांसमोर जाताना मुलानं बिल्ला काढला, तर ‘आता कुठं गेली हिंमत’ असं म्हणू नका. कधी लावायचा आणि कधी काढायचा, ते त्याचं त्याला ठरवू दे. छावणीतल्या माणसाला तेवढंच नव्हतं.

आणि एक, पिनेनं बॅगेचा पट्टा उसवतो. मागून कॅनव्हासचा तुकडा लावून बिल्ला शिवून घ्या. पापाची तिकटीला आलात तर मीच लावून देईन. पैसे नकोत.