भाव पडला की मोल उतरले?
वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमधून २०१६ साली निवृत्त झालो. मिळालेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा मी चौदा कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवला आहे. त्यांपैकी एका कंपनीचा भाव माझ्या पहिल्या खरेदीच्या ६० टक्के खाली आहे आणि प्रत्येक घसरणीत मी तिचे आणखी थोडे शेअर घेत गेलो. दुसऱ्या एका कंपनीचा भाव चौपट झाला आहे आणि मुलगा म्हणतो, नफा पदरात पाडून घ्या. आपण या सदरात नेहमी दीर्घकाळ थांबण्याविषयी लिहिता. थांबणे कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : आपण जे विचारले आहे ते मला स्वतःला पैसे घालवून शिकावे लागले, म्हणून आधी ती हकिगत सांगतो. २००७ च्या अखेरीस मी विजेचे साहित्य बनवणाऱ्या एका लहान कंपनीचे शेअर १८० रुपयांना घेतले. विक्री वाढत होती, नफा वाढत होता आणि पी-ई, म्हणजे भाव वर्षाच्या प्रतिशेअर कमाईच्या किती पट आहे तो आकडा, अवघा नऊ होता. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला आणि मार्च २००९ पर्यंत तो ८,००० च्या आसपास उतरला. त्या पडझडीत माझ्या कंपनीचा भाव आधी १४०, मग ९५, मग ६० झाला आणि प्रत्येक टप्प्यावर मी आणखी शेअर घेतले, कारण सगळा बाजारच पडत होता आणि आपल्याला माल स्वस्तात मिळतो आहे असे मनाने घेतले होते. २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर पोहोचला, माझी कंपनी मात्र पन्नाशीच्या वर येईना. तेव्हा कुठे मी तिचे जुने वार्षिक अहवाल काढून नफा-तोटा पत्रकाच्या पुढची पाने वाचली. रोख प्रवाहाच्या तक्त्यात, व्यवसायातून मिळालेल्या रोकडीच्या ओळीत, सलग तीन वर्षे आकडे कंसात छापलेले होते, म्हणजे रोकड येत नव्हती, बाहेर जात होती. नफा कागदावर होता आणि पैसे गिऱ्हाइकांकडे अडकले होते. पूर्वी तीन महिन्यांच्या विक्रीएवढी असलेली उधारी सात महिन्यांच्या विक्रीएवढी झाली होती आणि ते भगदाड बुजवण्यासाठी कंपनी दरवर्षी बँकेचे कर्ज वाढवत होती. यातली पहिली दोन वर्षे माझ्या पहिल्या खरेदीच्या आधीची होती. मी ती पाने उलटली नव्हती, इतकेच. २०१२ मध्ये ११ रुपयांना विकून मी मोकळा झालो.

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. कोणताही शेअर घेण्यापूर्वी तिच्यात अर्धे पान लिहितो : तारीख, भाव, ही कंपनी का घेतो आहे, आणि काय घडले तर माझे चुकले असे समजून विकायचे. शेवटची ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो. उदाहरणार्थ, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या पानावर लिहिले आहे, ‘उधारी चार महिन्यांच्या विक्रीपेक्षा वाढली, किंवा प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवले, तर बाहेर.’ (प्रवर्तक म्हणजे कंपनी उभी करणारे, तिच्यावर ताबा असलेले मालक.) त्या पानावर भाव किती पडला तर विकायचे याचा उल्लेख नाही.

या वहीची खरी परीक्षा २३ मार्च २०२० रोजी झाली. त्या एका दिवसात सेन्सेक्स सुमारे ३,९०० अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी कोसळला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत मी संध्याकाळी अकरा कंपन्यांची अकरा पाने एकेक करून वाचली. नऊ पानांवरचे कारण जसेच्या तसे शाबूत होते, कारण लोक घरात बसले तरी त्या कंपन्यांवर कर्ज नव्हते आणि दोन वर्षे धंदा मंदावला तरी त्या तगणार होत्या. उरलेल्या दोन कर्जाने वाकलेल्या होत्या, म्हणून त्या मी तोटा सोसून विकल्या आणि ते पैसे त्या नऊमधल्या तिघींत घातले. धैर्य म्हणाल तर माझ्यापाशी त्या संध्याकाळी फारसे नव्हते. भीती वाटतच होती, पण निर्णय आधीच लिहून ठेवलेला होता.

आता आपल्या दोन कंपन्यांकडे येऊ. जी ६० टक्के पडली आहे तिचे आणखी शेअर घेणे तूर्त पूर्ण थांबवा, कारण खालच्या भावात घेतल्याने आपली सरासरी सुधारते, कंपनी सुधारत नाही. आधी तिचे मागील पाच वर्षांचे अहवाल समोर ठेवा आणि तीन गोष्टी ओळीने लिहून काढा : नफ्याच्या मानाने हातात आलेली रोकड, कर्ज आणि उधारी. प्रवर्तकांचा वाटा किती आणि त्यातला तारण किती, हे प्रत्येक तिमाहीला शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येते, तेही पाहा. हे आकडे ठीक असतील आणि केवळ बाजाराचा उत्साह ओसरला असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. आकडे वर्षागणिक बिघडत असतील, तर भाव आपल्या खरेदीएवढा परत येण्याची वाट पाहणे हाच तो हट्ट.

चौपट झालेल्या कंपनीबाबत चिरंजीवांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण ‘चौपट झाला’ हे विकण्याचे कारण होऊ शकत नाही. मी २०१० मध्ये रोजच्या वापराच्या वस्तू करणाऱ्या एका उत्तम कंपनीचे शेअर केवळ दुप्पट झाले म्हणून विकले, आणि त्या एका विक्रीने माझे जितके नुकसान झाले तितके आधीच्या सगळ्या तोट्यांनी मिळून झाले नाही. ती कंपनी आजही कमाई वाढवत असेल आणि भाव त्या कमाईच्या मानाने अवाच्या सवा नसेल, तर ठेवा. मात्र आपण निवृत्त आहात. या एकाच शेअरने आपल्या एकूण शेअर गुंतवणुकीचा तिसरा हिस्सा व्यापला असेल, तर झोप शांत लागावी एवढा भाग विकण्यात काहीच गैर नाही. बारा महिन्यांहून जुन्या शेअरवर वर्षाला एकूण १.२५ लाख रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, त्यामुळे ही विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागता येईल.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. सर्वांत कमी पी-ई असलेल्या कंपन्यांची यादी काढायची आणि त्यातल्या घ्यायच्या, यालाच मूल्याधारित गुंतवणूक म्हणतात का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : नाही. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढउतारांच्या धंद्यांत नफा शिखरावर असतो तेव्हाच पी-ई सर्वांत कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी नफा आटला की तोच शेअर महाग निघतो. कधी कंपनीने जमीन विकलेली असते आणि तो एकदाच आलेला पैसा नफ्यात मिसळल्याने पी-ई खाली गेलेला असतो. १९२९ च्या अमेरिकेतील पडझडीत स्वतः पोळलेल्या बेंजामिन ग्रॅहॅम यांनी मूल्याधारित गुंतवणुकीचा पाया घातला, आणि त्यांचा भर होता तो मोल आणि भाव यांच्यामध्ये अंतर राखण्यावर. आपल्या अंदाजाने शेअरचे मोल ५०० रुपये असेल तर तो ३५० ला घ्यावा, कारण आपला अंदाज चुकण्याची शक्यता कायमच असते.

याची दुसरी बाजू तुमच्या वयात जास्त महत्त्वाची आहे. समजा एका कंपनीची प्रतिशेअर कमाई २० रुपये आहे आणि ती दहा वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढून जवळपास ५२ रुपये होते. दहा वर्षांनी बाजार तिला २० चा पी-ई देत असेल, तर भाव साधारण १,०४० होईल. ज्याने आज ४०० ला घेतला त्याला दरसाल १० टक्के मिळतील, आणि ज्याने उत्साहाच्या भरात ८०० ला घेतला त्याला अडीच टक्क्यांच्या थोडे वर. लाभांश यात धरलेला नाही. कंपनी तीच, दहा वर्षेही तीच. फरक फक्त घेतलेल्या भावाचा.

वाहन उद्योग तुम्ही आतून ओळखता, ही तुमची जमेची बाजू आहे. कोणत्या यंत्राला किती देखभाल लागते, कोणता पुरवठादार वेळेवर माल देतो, हे अहवाल वाचणाऱ्याला सहजी कळत नाही. पण तुमची कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध असेल, तर आतली अप्रसिद्ध माहिती वापरून तिचे शेअर घेणे-विकणे सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा आहे, हे कटाक्षाने लक्षात ठेवा. शिवाय पगार आणि बचत दोन्ही वाहन धंद्यावरच अवलंबून ठेवू नका. मंदीत पाळ्या कमी होतात, त्याच महिन्यांत त्या शेअरचे भावही पडलेले असतात.

प्रश्न : माझी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये पैसे हाती येतात आणि ऑक्टोबर छाटणीपर्यंत तसेच राहतात. ते तोपर्यंत चांगल्या शेअरमध्ये ठेवावेत का?
– एक बागायतदार, ता. निफाड

उत्तर : कृपया ठेवू नका. सहा महिन्यांत शेअरचा भाव कुठे असेल हे कंपनी कितीही चांगली असली तरी सांगता येत नाही, आणि छाटणी, औषधे, मजुरी यांचा खर्च भाव सावरेपर्यंत थांबत नाही. शिवाय बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. नव्या बागेवर पहिले पीक येईपर्यंत आपण दीड-दोन वर्षे निमूट खर्च करता. शेअरसाठी त्याहूनही जास्त काळ, किमान पाच-सात वर्षे, लागणार नाहीत एवढेच पैसे वेगळे काढा, आणि तेही अवकाळी पावसाने एक हंगाम गेला तरी घर चालेल एवढी शिल्लक बाजूला ठेवल्यानंतर. छाटणीची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवा. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते नाही, म्हणून तिथे व्याज जास्त मिळते एवढ्यावरून ही रक्कम नेऊ नका. पाच लाखांहून अधिक असेल तर दोन बँकांत विभागा.